दाराशी थांबलेला आवाज

"महाराज, पाठवणारा मोठा की अडवणारा?"

भार्गवने हे विचारलं तेव्हा केवळनाथ धुनीतली राख सारखी करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काय अडलंय?"

"आवाज अडलाय."

"कुणाचा?"

"मोठ्या महाराजांचा."

राखेतला चिमटा जिथल्या तिथे थांबला.

...

बोरखिंडीतल्या त्या मठात वारा असा, की इथे बोललेलं वाक्य आधी खालच्या गावात पोचतं आणि मग समोरच्याला ऐकू येतं. फोनला रेंज एकाच जागी, अंगणातल्या चाफ्याला पाठ टेकली की. इतक्या पाठी टेकल्या, की त्या खोडाला आता माणसाच्या पाठीचा आकार आलाय. पटत नसेल तर जाऊन टेकून बघावं.

अशा ठिकाणी एक कॉम्प्युटर होता, आणि त्यात आवाज होते.

खोऱ्यातली गावं धरणाखाली जायची ठरली, तेव्हा केवळनाथ टेप रेकॉर्डर घेऊन घरोघर फिरले होते. म्हाताऱ्यांची भजनं, बायकांच्या ओव्या, गुराख्यांच्या हाका, जे मिळेल ते त्यांनी भरून घेतलं. पुढे गावं बुडाली. माणसं पांगली. कॅसेटींना बुरशी लागली. लागायच्या आत जेवढं निघालं, तेवढं भार्गवने कॉम्प्युटरवर उतरवलं.

कुठून कुठून लोक यायचे. हेडफोन कानाला लावायचे. मेलेली आई पुन्हा एकदा ओवी म्हणायची. लोक डोळे पुसायचे आणि खिंड उतरून जायचे.

या सगळ्याची दुसरी नक्कल कुठेच नव्हती. ती करायचं भार्गव रोज ठरवत होता.

आणि त्या सगळ्या आवाजांत एक आवाज नव्हता. केवळनाथांच्या गुरूंचा. मोठ्या महाराजांचा. टेप रेकॉर्डर खिंडीत आला त्याच्या आधीच ते गेले होते.

...

"कोणी पाठवला?" केवळनाथांनी विचारलं.

"ढेबे गुरुजींनी. ईमेल आलीय. लिहिलंय, मोठ्या महाराजांचा आवाज सापडला, उघडून ऐका."

ढेबे गुरुजी म्हणजे बुडालेल्या करंजखोऱ्याचे शाळामास्तर. टेप रेकॉर्डर त्यांच्याच खांद्यावरून दरीदरीतून फिरला होता. मठात त्यांच्याइतका घरचा माणूस दुसरा नव्हता.

"मग अडवलं कोणी?"

"ईमेलच्या प्रोग्रामने. पत्र आत आलं, पण पत्राला जोडलेली फाईल देत नाही. म्हणतो, धोकादायक असू शकते."

"तो ढेबे गुरुजींना ओळखतो?"

"नाही."

"आत काय आहे ते त्याने पाहिलं?"

"नाही हो. तेच तर म्हणतो मी!" भार्गव पुढे सरकला. मठात येण्याआधी तो पुण्यात एका कंपनीची ईमेल सांभाळायचा, आणि ते अजून त्याच्या बोलण्यातून उतरलं नव्हतं. "तो फक्त नावाचं शेपूट बघतो. फाईलच्या नावाच्या शेवटी एक टिंब असतं. टिंबापुढची अक्षरं सांगतात, ही कुठल्या जातीची. फोटो, लिहिलेलं, आवाज..."

"जात बघून दारात उभं करतो?"

"बघा ना! आणि इथे, नाथांच्या मठात."

केवळनाथ थोडे हसले. "या फाईलची जात कुठली?"

भार्गव जरा घुटमळला. "प्रोग्रामची."

"म्हणजे?"

"म्हणजे... फोटो उघडला की दिसतो. आवाज उघडला की ऐकू येतो. प्रोग्राम उघडला की उठतो, आणि कामाला लागतो."

"कुठल्या कामाला?"

"त्याला सांगितलेल्या."

"कोणी सांगितलेल्या?"

"ज्याने लिहिला त्याने."

"ढेबे गुरुजींनी लिहिला?"

"छे! त्यांना कुठलं येतंय? पण महाराज, कोणीतरी आवाज आणि तो वाजवायचं यंत्र एकाच गाठोड्यात बांधलं असेल. पूर्वी करायचे लोक तसं. तेवढ्यासाठी..." तो थांबला. मग हळू म्हणाला, "तेवढ्यासाठी मोठे महाराज दाराबाहेर ठेवायचे?"

केवळनाथांनी चिमटा खाली ठेवला.

बाहेर वारा बोलत होता.

"केवढी आहे?" केवळनाथांनी विचारलं.

"काय?"

"फाईल. एक ओवी मावेल एवढी आहे?"

भार्गवने त्यांच्याकडे पाहिलं. महाराजांचा आवाज असा त्याने कधी ऐकला नव्हता.

"मावेल, महाराज."

"चेहरा दिसतो रे मला अजून. हात दिसतात. पाऊल टाकायची तऱ्हा दिसते... आवाज गेला. कधी गेला तेही कळलं नाही."

...

मठाच्या दाराबाहेर एक शिळा आहे. ती मोठ्या महाराजांनी बसवली.

मठात येईल तो माणूस आत येतो. त्याला कोणी गाव विचारत नाही, कूळ विचारत नाही. त्याच्या हातात तांदूळ, डाळ, मीठ असं कोरान्न असलं, तर तेही आत येतं. शिजवलेलं मात्र येत नाही. ते शिळेवर ठेवायचं. कोणीही आणलेलं असो. भार्गवची आई पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या पुरणपोळ्याही शिळेवरच राहिल्या होत्या, आणि त्या माउलीने कावळ्यांना ज्या शिव्या घातल्या, त्या काही कावळ्यांसाठी नव्हत्या.

मोठे महाराजही याच शिळेपाशी अडले होते.

ते उत्तरेच्या यात्रेहून परतले. आजारात जटा उतरल्या होत्या, अंग निम्मं झालं होतं, आणि वर मौन धरलेलं. हातात प्रसादाचं गाठोडं. दारावर नवा चेला होता, केवळनाथ. मोठे महाराज यात्रेला निघाले तेव्हा तो हजार माणसांच्या घोळक्यात मागे कुठेतरी उभा होता. हा हाडांचा सापळा कोण, त्याला काय ठाऊक?

"बाबा, तुम्ही या. गाठोडं तिथे ठेवा," चेला म्हणाला.

मोठ्या महाराजांनी गाठोडं शिळेवर ठेवलं, आणि आत न जाता त्याच्या शेजारी उभे राहिले.

किती वेळ? खालच्या गावात विचारा. ते सांगतील, इतका वेळ, की त्यांच्या काठीवर गारवेल चढली आणि तिला फूल आलं. शेवटी आतून म्हातारा स्वयंपाकी आला, त्याने पाय ओळखले, आणि रडत लोटांगण घातलं.

मोठे महाराज चेल्याला काही बोलले नाहीत. दाराचा अडसर उचलला आणि त्याच्याच हातात दिला.

...

"उघड," केवळनाथ म्हणाले.

भार्गव उठलाच.

"पण तो देत नाही म्हणालास ना?"

"त्याला फसवणं एका मिनिटाचं काम आहे, महाराज. गुरुजींना नावाचं शेपूट बदलायला सांगतो. प्रोग्राम नाही, साधं लिखाण आहे असं दाखवायचं. तो बघतो फक्त शेपूट. सोडून देईल. आत आली की आपण खरं शेपूट परत लावायचं, आणि उघडायचं."

"वेष पालटून आणायची."

"हो."

केवळनाथ उठले आणि राखेचे हात धुवायला बाहेर गेले.

भार्गवने चाफ्याला पाठ टेकली. फोन लागला.

"गुरुजी, तुम्ही ऐकलात का आवाज?"

"अहो, मला कुठली उघडतेय ती!" पलीकडून ढेबे गुरुजी ओरडले. फोनवर ओरडायचीच त्यांची पद्धत होती. "दोनदा बोट दाबलं. पडद्यावर नुसतीच एक काळी पाटी लुकलुकली. म्हटलं, भार्गव हुशार आहे. त्याला पाठवावी."

"तुम्हाला कोणी दिली?"

"पुतण्याने. त्याला कोणीतरी पाठवली. चांगलाच माणूस असणार हो, त्याशिवाय मोठ्या महाराजांचं नाव कोण घेईल?"

भार्गवने ऐकलं. ऐकलं, पण त्याच्या कानात दुसराच आवाज भरला होता. त्याने गुरुजींना शेपूट कसं बदलायचं ते सांगितलं. गुरुजींनी दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा जमलं.

ईमेल आली. फाईल साध्या लिखाणाच्या वेषात होती. ईमेलच्या प्रोग्रामने एक अक्षर काढलं नाही. सरळ आत सोडली.

"आली महाराज!" भार्गव ओरडला. "आता शेपूट लावतो, की झालं. या, बसा. हेडफोन तुम्हीच घाला."

केवळनाथ दारात उभे होते. हात धुऊन ते परत आले होते. त्यांच्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण होता. द्रोणात लापशी. गरम, तुपाची, वर वेलदोड्याची पूड.

"आधी हे खा," ते म्हणाले.

भार्गवने द्रोण घेतला. गुरूच्या हातचं, आणि आजच्या दिवशी. त्याने डोळे मिटून कपाळाला लावला, बोटांनी घास उचलला, ओठांपाशी नेला...

केवळनाथांनी त्याचं मनगट धरलं.

"कुठून आलं?"

"तुम्ही दिलंत."

"मला कोणी दिलं?"

भार्गवने दाराकडे पाहिलं.

"शिळेवर होतं," केवळनाथ म्हणाले. "कोणी ठेवलं, मी पाहिलं नाही. कशात शिजलं, मला ठाऊक नाही."

घास बोटांत तसाच राहिला. तूप मनगटावरून ओघळलं.

"महाराज... ठाऊक नाही, तर मला कसं दिलंत?"

"गुरुजींनी तुला दिलं तसं."

...

भार्गवने द्रोण खाली ठेवला. समोर पडद्यावर फाईल होती. तिच्या शेजारीच त्या फोल्डरांची रांग. करंजखोरं. त्याच्याखाली बायकांच्या ओव्या. त्याच्याखाली गुराख्यांच्या हाका. मेलेल्या माणसांचे जिवंत गळे, एकाच भिंतीआड.

"उठली असती, तर हे सगळं पुसून..." तो म्हणाला.

"कच्च्या तांदळातला खडा दिसतो, शिजलेल्यातला नाही," केवळनाथ म्हणाले. "ढेबे गुरुजी आपले आहेत. ते कधीही येवोत, दार उघडं आहे. आपण माणसाला कधी अडवलं? ताटाला अडवतो."

"पण तुम्हीच म्हणालात, उघड."

"म्हणालो."

"मग?"

"आज अडवायला मीही नव्हतो, भार्गवा. तूही नव्हतास. तो एकटा होता." त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "आणि त्याला तू फसवलंस."

भार्गवने मान खाली घातली. वेष पालटून आलेली फाईल त्याने न उघडता पुसली. पुन्हा चाफ्याला पाठ टेकली. गुरुजींना सांगितलं, की पुतण्याला म्हणावं, आवाज असेल तर नुसता आवाज पाठव. यंत्र नको, गाठोडं नको. आणि ती वस्तू तुम्हीही आता पुन्हा दाबू नका, कॉम्प्युटर जाणत्या माणसाला दाखवा.

गुरुजी जरा रागावले. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही होय?"

"तुमच्यावर आहे, गुरुजी. उद्या या. जेवायलाच या."

मग त्याने आवाजांची नक्कल करायला घेतली, इतके दिवस नुसतीच ठरवलेली. पट्टी हळूहळू सरकत होती. केवळनाथांनी द्रोण उचलून पुन्हा शिळेवर नेऊन ठेवला. कावळे आले. त्यांनीही आधी मान वाकडी करून पाहिलं.

...

पुतण्याचं उत्तर त्या दिवशी आलं नाही. नंतरही आलं नाही.

पहिली ईमेल तशीच होती. फाईल तिला बांधलेली, आणि वर प्रोग्रामची ती एक ओळ. दिसत होती, हात पोचत नव्हता. भार्गव रोज ती ईमेल बघायचा आणि बंद करायचा.

एकदा संध्याकाळी केवळनाथ दाराला अडसर लावायला निघाले होते, तेव्हा त्याच्याने राहवलं नाही.

"महाराज, एक विचारू?"

"विचार."

"ती पुसून टाकू?"

"नको."

"मग उघडायची?"

"नको."

"पण तिच्यात खरंच मोठे महाराज असतील तर?... बाहेर उभे असतील तर?"

केवळनाथांच्या हातात अडसर होता. बाहेर शिळेपाशी वारा भोवरा घालत होता. म्हातारा माणूस कितीतरी वेळ तिकडे पाहत राहिला, जणू तिथे कोणी गाठोडं खाली ठेवून उभं आहे.

"ते असतील..." ते म्हणाले, "तर थांबतील."