हौसाचा मातीचा बैल

एक होती सून, हौसा. डोंगरांमागून डोंगर ओलांडून सासरी आली, बरं का. नवरा मीठ आणायला दूर समुद्राकडे गेलेला. घरात ती आणि सासू. सासू काय बोलायची? "पाणी भरलं?" "पीठ मळलं?" "दार लावलं?" बस्स. उत्तर ऐकायलाही थांबायची नाही. मग हौसा भांड्यांशी बोलायची. ती निदान वाजायची तरी.

पंचमी आली. गावच्या सुना माहेरी गेल्या. हौसाला न्यायला कोणी आलं नाही. एवढे डोंगर कोण चढणार?

मग आला पोळा. हौसानं पूजेला मातीचा बैल केला. चार पाय, दोन शिंगं, झालं. पाटावर ठेवून हळूच म्हणाली, "मला माहेरी नेतोस?"

आणि काय सांगू, बैल बोलला! "नेईन की. पण मला दिसतंय कुठं?"

हौसानं ज्वारीच्या दाण्यांचे डोळे लावले. मग तिला सुचतच गेलं. वशिंड केलं, जरासं कललेलं. एक शिंग आखूड केलं, भांडणात मोडलेलं. गळ्यात घुंगरू घातलं. "ऊठ आता."

"उठून जाऊ कुठं? माहेर माहेर म्हणतेस, ते असतं कसं?"

हौसा डोळे मिटून सांगू लागली. दारात चिंच. चिंचेखाली लंगडी शेळी, फक्त आईचं ऐकणारी. चुलीपाशी आईची जागा, तिथली भिंत पाठ टेकून टेकून गुळगुळीत झालेली. बैलानं कान हलवले. "कळली वाट." पण उठेना.

"आता काय राहिलं रे?"

"अगं, पोळ्याला जोडी पुजतात. तू एकच केलास. एकट्यानं गाडी ओढू का?"

हौसाची माती तर संपलेली. तिला रडूच फुटलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "सरक जरा."

सासू! हातात ओल्या मातीचा गोळा. दाराआडून सगळं ऐकत होती. खाली बसली आणि बैल घडवू लागली.

"आमच्या दारचा पवळ्या असा होता. कपाळावर चांद. गूळ दिल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही मेला."

"मग गूळ लावू तोंडाला, आत्याबाई?"

"लाव. आणि शेपटीला गोंडा कर. माझी आई करायची." सासू शेपटी वळत म्हणाली, "किती वर्षं झाली तिला बघून."

गोंडा लागला मात्र, दोन्ही बैल फुरफुरत मोठे झाले. अंगणातल्या गाडीला आपणहून मान दिली. दोघी चढून बसल्या.

"आधी कुणाकडे?" पवळ्यानं विचारलं.

"आत्याबाईंच्या आईकडे," हौसा म्हणाली.

"लांब आहे गं ते," सासू म्हणाली.

"असू दे. वाटेत सांगा ना, दारात काय आहे तुमच्या?"

मग सासू जी बोलायला लागली, ती डोंगर सरले तरी थांबली नाही. दोघी दोन्ही माहेरं करून, पोटभर जेवून, सुखानं परत आल्या. तुम्हीही आता झोपेच्या गावाला जाऊन या. चला, मिटा डोळे.