हृषीकेशची एक ओळ

एकदा एक वृद्ध संगणक-शिक्षक आपल्या शिष्येला घेऊन मुलाचा प्रोग्राम दुरुस्त करायला बसले. मुलगा हृषीकेश गेल्या वर्षी अपघातात गेला. त्याने लिहिलेला हा प्रोग्राम एका रक्तपेढीत चालत असे. तोही आता अडला होता. संध्याकाळपर्यंत सुरू झाला नाही तर काढून टाकू, असं रक्तपेढीने कळवलं होतं. मुलाच्या हातचं एवढंच काय ते मागे उरलेलं.

हृषीकेश स्वतः फक्त मॅक्रो लिहायचा, म्हणजे थोडक्या ओळींची आज्ञा. तिच्यावरून लांबलचक कोड यंत्रच लिहून काढी, पण सगळा एकाच ओळीत, सलग! त्यामुळे यंत्र म्हणे, "चूक पहिल्या ओळीत आहे." आता बोला! ओळ होतीच एक.

शिष्या ऊर्मिला मोठी जिद्दीची. सकाळपासून ती त्या कोडमध्ये हाताने जागा सोडत होती, ओळी पाडत होती. काम संपत आलं, तोच सरांनी मॅक्रो पुन्हा चालवला. झालं! यंत्राने सगळा कोड नव्याने लिहिला, पुन्हा तसाच सलग. तिचे सारे श्रम पुसले गेले.

"सर, हे काय केलंत?" तिला रडूच फुटलं.

"बाळ, आज ना उद्या ते पुसलंच गेलं असतं. रक्तपेढीत रोज मॅक्रो चालवतात. मोकळी जागा सोडायची ती मॅक्रोतच, म्हणजे प्रत्येक वेळी ती आपोआप उतरेल." त्यांनी हृषीकेशच्या मॅक्रोची फाईल उघडली. बोटं कळांवर ठेवली आणि तशीच राहू दिली. "तूच टाक गं. त्याच्या लिहिण्याला हात लावायला माझं मन धजत नाही."

तिने मॅक्रोत जागा टाकल्या, ओळी पाडल्या. आता कोड ओळीखाली ओळ असा सुटा उतरला, आणि यंत्राने चुकीची नेमकी ओळ दाखवली. नव्या वर्षाच्या तारखेपाशी प्रोग्राम अडखळत होता. तेवढं मॅक्रोत दुरुस्त करताच तो सुरू झाला.

ऊर्मिला आनंदाने वळली. सर मात्र पडद्याकडेच बघत होते. त्यांचे डोळे वाहत होते.

"किती सरळ विचार करायचा पोरगा! मी आपला म्हणायचो, तुझं लिहिणं म्हणजे नुसता गुंता. तो हसायचा. बाबा, अडलं तर विचारा, मी आहे ना, म्हणायचा." त्यांनी चष्मा पुसला. "यंत्राला मोकळी जागा लागत नाही, बाळ. ती मागे राहणाऱ्याला लागते."

ऊर्मिलाने खुर्ची जवळ ओढली, आणि दोघं तो कोड पहिल्यापासून वाचू लागली.