अर्ध्याच जादूची परी

आंब्याच्या राईपलीकडे, ओहोळाच्या काठी, बकुळी नावाची चिमुरडी आपल्या आईबरोबर राहायची. घर कसलं, नुसत्या चार भिंती! छप्पर वादळाने नेलेलं. पडल्या पडल्या आकाश दिसायचं, तेवढाच काय तो फायदा. मायलेकी झेल्याने, म्हणजे लांब काठीच्या जाळीने, लोकांचे आंबे उतरवायच्या.

एका सोनेरी सकाळी आंब्यांऐवजी पोपटच पडू लागले! हिरवेगार पंख लुळे, लालचुटुक चोची उघड्या. पाठोपाठ वटवाघळंही घसरू लागली. कसल्याशा आजाराने सगळ्यांचं अंग लुळं पडलं होतं. बकुळी झेला घेऊन धावली आणि एकेकाला वरच्यावर झेलू लागली.

"हात नको गो लावू, चावतील!" आई ओरडली. "फडक्यात धर!"

इतक्यात पानांतून एक इवलीशी परी उतरली. मोरपिशी झगा, त्यावर दवाच्या टिकल्या.

"बकुळी, एक इच्छा माग. पण माझी जादू अर्धीच हं! उरलेलं अर्धं आपलं आपण करायचं."

बकुळीने उघड्या भिंतींकडे पाहिलं. पावसाळा तोंडावर आला होता. पण फडक्यातल्या पोपटाचा डोळा मिटत चालला होता. तिला रडूच कोसळलं.

"हे सगळे जगू देत," ती म्हणाली.

परीने चमचमती चिमूट उधळली. सगळ्यांचा श्वास परतला, अंग मात्र लुळंच. मग काय, मायलेकींनी कंबर कसली! टोपल्यांत मऊ गवत, चोचीत थेंब थेंब आंब्याचा रस. वटवाघळांनाही बकुळीने छान डोकं वर करून बसवलं.

"अगं, मला उलटं का ठेवलंस?" एक वटवाघूळ कुरकुरलं.

बकुळी खुदकन हसली. आईने लगेच दोरी बांधली आणि सगळी वटवाघळं खाली डोकं करून सुखाने लटकली.

सातव्या दिवशी फडफड, फडफड! सगळे उडाले. बकुळी आनंदाने नाचली.

तेवढ्यात परी परतली. "आता तुझं छप्पर. अर्धं माझं." तिने बोट फिरवताच भिंतींवर नवे वासे आले.

"उरलेलं मी करते," बकुळी म्हणाली.

"तू कशाला? तुझं करून झालंय. वर बघ!"

पोपट चोचींत गवत घेऊन येत होते. तिन्हीसांजेला वटवाघळंही पायांत झावळ्या धरून आली. शेवटची झावळी बसताच परी लख्ख उजेड झाली आणि दिसेनाशी झाली.

बकुळीने नव्या वाशाला आधी दोरी बांधली. कुणी उलटं झोपायला आलं तर!