चाफा, पाणी आणि गेरू

पुष्कळ वर्षांपूर्वी, नाणी अजून हातानं ठोकून पाडली जात होती तेव्हा, एका राजाच्या टांकसाळीत एक पारखी होता. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्यांनो, पारखी म्हणजे सोनं खरं की खोटं ते सांगणारा माणूस. काळ्या कसोटीच्या दगडावर तो सोनं घासायचा, उमटलेली रेघ डोळ्यांजवळ नेऊन पाहायचा आणि म्हणायचा, "चोख आहे," किंवा "यात तांबं आहे." त्याचा शब्द राजासुद्धा मोडत नसे.

काम करता करता त्याचा स्वभावही तसाच झाला होता. गवळण दूध घालून गेली की तो आधी त्यात बोट बुडवून बघायचा. रस्त्यात कुणी "बरं आहे ना?" विचारलं, तर यानं हे का विचारलं असेल याचा विचार करत तो घरापर्यंत यायचा.

तरुणपणी गुरूनं एकदा त्याचे कान उपटले होते. कुणा बाईची हलकीशी बुगडी तो पुन्हा पुन्हा दगडावर घासत बसला होता. गुरू म्हणाला, "अरे, एकदा घासलीस, कळलं ना? दर वेळी थोडं सोनं दगडाला जातं. असाच घासत बसलास तर त्या बाईच्या हातात परत काय देणार आहेस?" पारख्यानं मान डोलावली. टांकसाळीत तो ही गोष्ट कधी विसरला नाही. टांकसाळीबाहेर मात्र ती त्याच्या डोक्यात कधी आलीच नाही.

या पारख्याच्या घरी दुसरं माणूस नव्हतं. बायको वारून बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. होती ती एक कुत्री, भिंगरी. राजाच्या शिकारखान्यात सगळ्यांत शेवटी जन्मलेलं मरतुकडं पिल्लू म्हणून तिला टाकून देत होते. पारख्यानं तिला उपरण्यात गुंडाळून घरी आणलं आणि कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं.

तिची जात शिकारी, लांब पायांची, वाऱ्याशी शर्यत लावणारी. पारखी संध्याकाळी गल्लीच्या टोकाशी दिसला की ती दारातून सुसाट सुटायची आणि त्याच्याभोवती गरगर फेऱ्या मारायची, म्हणून तिचं नाव भिंगरी. दिवसभर जगावर संशय घेणारा हा माणूस तेवढ्या घटकेपुरता निःशंक व्हायचा. या प्रेमात तांबं नाही, हे त्याला न घासताच ठाऊक होतं.

जनावरांच्या वैद्यानं त्याला बजावून ठेवलं होतं, "हिला रोज पळव. टेकडीच्या माथ्यापर्यंत आणि परत. या जातीचे पाय बसून राहिले की आखडतात, आणि एकदा आखडले की माझ्याकडे औषध नाही."

पारखी रोज सकाळी तिला स्वतः टेकडीवर न्यायचा. पण जन्मभर मांडी घालून बसलेल्या माणसाचे गुडघे ते. एका थंडीत ते असे धरले की टेकडी राहिली बाजूला, उंबरा ओलांडतानाही तो कण्हू लागला. तेव्हा भिंगरीला फिरवायला त्यानं एक माणूस ठेवला.

हा माणूस पूर्वीचा मेंढपाळ. रोगाच्या साथीत त्याचा कळप गेला होता आणि हातात नुसती काठी राहिली होती. उंच, कमी बोलणारा, लांब ढांगा टाकणारा. भिंगरीला तो पहिल्याच दिवशी आवडला. पारख्याला ते जरा लागलं, पण त्यानं तसं दाखवलं नाही.

आपल्याकडच्या गोष्टींत कुत्री बोलतात. भिंगरी बोलली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि मलाही बरं वाटलं असतं. पण ती साधी कुत्री होती. टेकडीवरून परत यायची ती जीभ बाहेर काढून, पातेलंभर पाणी प्यायची आणि पारख्याच्या पायाशी अंग टाकून द्यायची. तिच्या अंगावर कुसळं चिकटलेली असायची. पारखी ती एकेक वेचून काढायचा आणि कुरकुरायचा, "कुठल्या रानातून नेतो हा हिला, कोण जाणे." तिला जे सांगायचं ते ती अशा रीतीनं रोज सांगत होती.

एके दिवशी शेजारची तेलीण तेल घालायला आली. बोलता बोलता ती म्हणाली, "तुमची भिंगरी काल टेकडीखालच्या वडापाशी बसली होती हो. माणूसही बसला होता पाय पसरून."

तेलिणीच्या मनात काही नव्हतं. ती तेल घालून गेली आणि विसरूनही गेली. खरं म्हणजे भिंगरीच्या पंजात बाभळीचा काटा मोडला होता आणि मेंढपाळ तो काढत बसला होता. पारख्यानं त्याला एका शब्दानं विचारलं असतं तर त्यानं काटा दाखवला असता. पण विचारून काय उपयोग, खोटं बोलणारा खोटंच सांगणार, असं पारख्याला वाटलं. त्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

टेकडीच्या माथ्यावर पांढऱ्या चाफ्याचं एक झाड होतं. त्या मुलखात दुसरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पारखी मेंढपाळाला म्हणाला, "वर जातोस ना रोज? येताना चाफ्याचं एक फूल आणत जा. देवाला होईल."

मेंढपाळानं फूल आणलं. रोज आणू लागला, मुंडाशात खोचून. पारखी ते नाकाशी नेई, देठाचा चीक बोटानं चाचपून बघे. फूल ताजं असे. आठवडाभर त्याला बरं वाटलं. मग त्याच्या मनात आलं, की टेकडीवरून उतरणाऱ्या कुणाकडूनही फूल मागून घेता येईल. त्यात काय अवघड आहे?

माथ्यावर एक कुंडही होतं. त्याच्या पाण्याला लोखंडासारखी चव होती आणि पारख्याची जीभ त्याच्या डोळ्यांइतकीच तयार होती. त्यानं मेंढपाळाच्या हातात तांब्या दिला. "फुलाबरोबर कुंडाचं पाणीही आण. गुडघ्याला बरं असतं म्हणतात."

मेंढपाळ डोकं खाजवत उभा राहिला. "धनी, एका हातात दोरी, दुसऱ्यात तांब्या. भिंगरी सशामागं उसळली की पाणी सांडतंय."

"मग तिला उसळू देऊ नकोस. हळू ने."

तेव्हापासून भिंगरी हळू जाऊ लागली. दोरी आखूड झाली. ससे झुडपांतून तिच्याकडे बघत आणि निवांत बसून राहत. पाणी मात्र थेंबही न सांडता घरी येई. पारखी घोट घेई, जिभेवर घोळवी आणि मान हलवी. पाणी खरं होतं.

पण संशयाचं पोट असं भरत नाही. पारख्याला वाटलं, तांब्याही कुणी भरून देऊ शकेल. वर गुहेत एक गोसावी राहत असे. पारख्यानं त्याला निरोप पाठवला, की माझा माणूस रोज येईल, त्याच्या मनगटावर ओल्या गेरूचा पट्टा ओढा. दुसऱ्याचं मनगट तर उसनं आणता येत नाही ना, असं म्हणून तो स्वतःवर खूश झाला.

गोसाव्याला ही नसती कटकट होती. तो ध्यानाला बसलेला असला की मेंढपाळाला ताटकळावं लागे. भिंगरीला थांबणं माहीत नव्हतं, ती भुंकू लागे. चौथ्यापाचव्या दिवशी गोसावी डोळे उघडून म्हणाला, "गेरू पाहिजे असेल तर ते जनावर वर आणू नकोस."

मेंढपाळानं हे घरी येऊन सांगायचा प्रयत्न केला. "धनी, गोसावीबाबा म्हणत्यात, कुत्री..."

"मला गोसाव्याच्या गोष्टी नकोत," पारखी म्हणाला. "मनगट दाखव."

मेंढपाळानं मनगट पुढं केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं भिंगरीला टेकडीखालच्या वडाला बांधलं आणि एकटाच वर गेला. पहिल्या दिवशी त्याला फार वाईट वाटलं. ती मागून ओरडत होती, ते त्याला अर्ध्या टेकडीपर्यंत ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी वाईट थोडं कमी वाटलं. पुढं ती ओरडेनाशी झाली आणि त्यालाही सवय झाली. त्याच्याकडे फूल मागत होते, पाणी मागत होते, गेरू मागत होते. तो तिन्ही आणून देत होता. कुत्रीबद्दल त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

पारख्याचे ते दिवस सुखाचे गेले. फूल ताजं, पाणी खरं, गेरू ओला. आता भिंगरीच्या अंगावर कुसळं नसत. पारखी म्हणे, "बघा, नजर ठेवली की माणूस कसा नीट काम करतो. कुत्री स्वच्छ येते." ती पाणीही फारसं पीत नसे. पारखी म्हणे, "चांगलीच काटक झाली." संध्याकाळी ती गल्लीच्या टोकापर्यंत येईनाशी झाली, मग दारापर्यंत आली, मग नुसती जागेवरून शेपूट हलवू लागली. पारखी म्हणे, "वय झालं, शहाणी झाली." मनात कुठंतरी त्याला चुटपुट लागे, नाही असं नाही. पण मग तो देव्हाऱ्यातल्या चाफ्याकडे बघे आणि त्याची चुटपुट जाई.

दसऱ्याला त्यानं मेंढपाळाला नवी घोंगडी दिली. "तुझं काम चोख आहे," तो म्हणाला. एवढी शाबासकी त्यानं आयुष्यात कुणाला दिली नव्हती. मेंढपाळानं घोंगडी घेतली आणि मान खाली घालून निघून गेला.

थंडी सरता सरता एका संध्याकाळी पारखी ओट्यावर बसला होता. भिंगरी दारात पडली होती. एवढ्यात कुठून तरी एक ससा वाट चुकून गल्लीत शिरला आणि दारासमोरून पळाला. भिंगरीचे कान उभे राहिले. तिचं सगळं अंग जागं झालं. ती उठली, ओट्यावरून खाली झेपावली, आणि तिचे मागचे पाय खालून निघून गेल्यासारखे दुमडले. ती पुन्हा उठायला गेली आणि पुन्हा पडली. मग तिनं मान वळवून पारख्याकडे पाहिलं.

वैद्य आला. त्यानं तिच्या मांड्या चाचपल्या आणि विचारलं, "हिला पळवत नव्हतास?"

"रोज," पारखी म्हणाला. "माथ्यापर्यंत. माझ्याकडे पुरावा आहे." त्यानं देव्हाऱ्यातला चाफा दाखवला, पाण्याचा तांब्या दाखवला.

वैद्यानं फुलाकडे बघितलंसुद्धा नाही. "चालेल हळूहळू," तो म्हणाला. "पळणं आता विसर." आणि तो निघून गेला.

पारखी भिंगरीजवळ बसला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं तिचा पंजा हातात घेतला. सोन्याची भेसळ ओळखणारी बोटं ती. दगडधोंड्यांवरून धावणाऱ्या कुत्रीचे तळवे खरखरीत असतात. हे मऊ होते, कापसाच्या बोळ्यानं दूध पीत होती तेव्हा होते तसे. हा पंजा रोज त्याच्या हाताच्या अंतरावर होता.

सकाळी मेंढपाळ नेहमीसारखा आला. पारखी म्हणाला, "तू मला फसवलंस."

"व्हय, धनी," मेंढपाळ म्हणाला. "फसवलं. ती वडाला बांधलेली असायची. माझं चुकलं, ते मी नाही म्हणत नाही." त्यानं भिंगरीकडे पाहिलं. "पण एक सांगतो. पहिलं मी तिला जीव तोडून पळवत होतो. तवा तुम्ही माझ्याकडं चोराकडं बघावं तसं बघत होता. मग मी पळवायचं सोडलं आणि नुसतं फूल-पाणी आणाय लागलो, तवा तुम्ही मला घोंगडी दिली."

मेंढपाळानं खांद्यावरची घोंगडी काढली, घडी करून ओट्यावर ठेवली, भिंगरीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि तो गेला. पुन्हा तो त्या गल्लीत दिसला नाही.

पारख्याला गुरूचा प्रश्न आठवला, परत काय देणार आहेस. बुगडी त्या दिवशी वाचली होती.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरीची दोरी त्यानं स्वतःच्या हातात घेतली. एका हातात काठी, दुसऱ्यात दोरी. त्याचे गुडघे दुखत होते, तिचे पाय ओढत होते, आणि टेकडीचं नाव दोघांनीही काढलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत जाता जाता दोघं दोनदा बसले. जिथं ती पूर्वी त्याला भेटायला धावत येत असे, त्या जागी पोचल्यावर भिंगरी थांबली. तिला काहीतरी आठवलं असावं. ती त्याच्याभोवती वळू लागली. अर्धी फेरी झाली आणि ती खाली बसली.

पारखी तिथं उभा राहिला आणि रडला. मग उरलेली अर्धी फेरी त्यानंच तिच्याभोवती मारली, काठी टेकत, आणि दोघं घरी आले.

बोध इतकाच: ज्याच्याकडे आपण कामाऐवजी रोज पुरावाच मागत राहतो, तो शेवटी काम सोडून पुरावाच आणून देतो.