कणीला हवा उजेड

दूर दूर आभाळात एक भला मोठा ढग होता. पावसाचा नव्हे हं! हायड्रोजनचा ढग.
त्या ढगात राहायची कणी. हायड्रोजनची कणी. इवलीशी, एवढुशी.
तिच्या तीन मैत्रिणी. मणी, चिमी आणि ठमी.

एकदा काय झालं, तरंगता तरंगता चौघी पांगल्या. जिकडेतिकडे काळोख! गारच गार!
"मणी गं! चिमी गं! ठमी गं!"
कोणी ओ देईना. कणीला रडूच आलं.

निघाली कणी. भिरी भिरी भिर्र!
ढगात एक तारा पेंगत होता.
"तारेदादा, तारेदादा, उजेड दे ना!
मैत्रिणी काही दिसेनात!"
तारा म्हणाला, "पोटात हेलियम होईना, मी कसा उजळू? धगमावशी वाढली, तर हेलियम होईल."

निघाली कणी. भिरी भिरी भिर्र!
"धगमावशी, धगमावशी, वाढ ना गं!
हेलियम होईना,
तारा उजळेना,
मैत्रिणी काही दिसेनात!"
धगमावशी म्हणाली, "ढगोबा आवळेना, मी कशी वाढू?"

निघाली कणी. भिरी भिरी भिर्र!
"ढगोबा, ढगोबा, अंग आवळा ना!
धग वाढेना,
हेलियम होईना,
तारा उजळेना,
मैत्रिणी काही दिसेनात!"
ढगोबा म्हणाला, "ओढकाकू ओढेना, मी कसा आवळू?"

निघाली कणी. भिरी भिरी भिर्र!
"ओढकाकू, ओढकाकू, ओढा ना हो!
ढग आवळेना,
धग वाढेना,
हेलियम होईना,
तारा उजळेना,
मैत्रिणी काही दिसेनात!"

ओढकाकू म्हणाली, "ओढते गं बाई! पण ताऱ्याच्या पोटात, अगदी आत, कोणी यायलाच तयार नाही. तू येशील?"
आत तर काळाकुट्ट काळोख! कणी घाबरली. मग हळूच म्हणाली,
"येते. पण हळू ओढा हं!"

कणी आत शिरली. तिच्यामागून दुसरी शिरली, तिसरी शिरली, कितीतरी कण्या शिरल्या!
ओढकाकूनं ओढलं, सर्रर्र!
ढगोबानं आवळलं, गच्च गच्च!
धगमावशी वाढली, रणरण रणरण!

एवढ्यात कणीला कोणीतरी धडकलं. धप्प!
"कोण गं?"
"मी मणी!"
धप्प! "मी चिमी!"
धप्प! "मी ठमी! सरका की जरा!"

चौघींनी मिठी मारली. अश्शी घट्ट, अश्शी घट्ट, की चौघींचं मिळून एकच झालं.
त्याचं नाव हेलियम!
आणि एवढंसं, अगदी एवढंसं काहीतरी उरलं. त्याचा झाला उजेड!

तारा उजळला. लुकलुक, लुकलुक.
कणीला सगळं आभाळ दिसलं.
"अगं बाई, केवढं हे!" कणी म्हणाली.
आणि तिघींच्या कुशीत, उबेत, गाढ झोपी गेली.