तूप वाढणारा बाप

पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. तेव्हा माणसांपाशी वेळ पुष्कळ होता आणि रीतीभाती त्याहूनही पुष्कळ होत्या.

एका गावात अशी रीत होती, की वडीलधाऱ्यांसमोर बापाने आपल्या मुलाला उचलून घ्यायचं नाही. आजोबांनी घ्यावं, चुलत्याने घ्यावं, वाटेने जाणाऱ्या परक्यानेही घ्यावं, बापाने मात्र नाही. घेतलं तर लोक म्हणत, "काय हा माणूस! थोरामोठ्यांची काही चाड आहे की नाही?" ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच बहुधा ती मोडायची छाती कुणाला होत नव्हती.

गावचा कारभारी मोठा करारी माणूस. त्यानेही ही रीत काटेकोर पाळली होती. मुलगा लहान असताना तो त्याला खांद्यावर बसवून रानात नेई, गोष्टी सांगे, बोरं पाडून देई. परतताना वेस दिसली की मात्र त्याला खाली उतरवी आणि स्वतः चार पावलं पुढे चालू लागे. मुलावर मायाही केली आणि थोरांचा मानही राखला, या समाधानात त्याचं अर्धं आयुष्य गेलं.

तो मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली. कारभारी नातीचे भरपूर लाड करी. आजोबाला मनाई नव्हतीच ना! पण नातीला खेळवता खेळवता त्याची नजर मुलाकडेच जाई. हा पाळण्याची दोरी बांधतो आणि गाठ तीनतीनदा ओढून पाहतो. गार हात आधी एकमेकांवर चोळतो आणि मगच लेकीच्या गालाला लावतो. कारभाऱ्याला मोठं नवल वाटे. 'हे याला कुणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं,' तो मनाशी म्हणे, आणि त्याचा ऊर भरून येई.

नात सहा महिन्यांची झाली. तिच्या उष्टावणाला सारं गाव जेवायला आलं. अंगणात लांबलचक पंगत बसली. बायकांचे हात पुरणात गुंतलेले, आणि कारभाऱ्याचा मुलगा पानापानावर तूप वाढत होता. इतक्यात आत पोर रडू लागली. आधी कुरकुर, मग टाहो.

मुलाने तुपाचं भांडं खाली ठेवलं. आत गेला. बाहेर आला तो लेकीला डाव्या कडेवर घेऊन. उजव्या हाताने भांडं उचललं आणि पुन्हा तूप वाढू लागला. पोर गप्प झाली, आणि पंगतही.

कारभाऱ्याचे थोरले चुलते पंगतीच्या मानाच्या पानावर बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, आणि रागाला वय नसतंच.

"कारभाऱ्या," ते कडाडले, "लेकाला आवर. ती पोर खाली ठेवायला सांग, नाहीतर आम्ही भरल्या पानावरून उठतो."

भरल्या पानावरून उठणं ही साधी गोष्ट नव्हती. ज्या घरची पंगत अशी उठे, त्या घरी पुन्हा कुणी घोटभर पाणीही पीत नसे.

कारभाऱ्याने चटकन तोड काढली. बसल्या जागेवरूनच हात पुढे करून तो म्हणाला, "बाळा, पोरीला माझ्याकडे दे. म्हणजे मिटलं."

मुलगा दोन पावलं पुढे आला आणि थांबला. पोरीने त्याच्या अंगरख्याचा बंद मुठीत घट्ट धरला होता.

"आबा, तुम्ही मला रोज वेशीत उतरवायचात," तो हळू आवाजात म्हणाला. "मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं. घरी येईपर्यंत मी आठवत राहायचो, आज मी काय केलं म्हणून आबा रागावले? हिला तसं वाटायला नको, आबा."

कारभाऱ्याचे पसरलेले हात तसेच राहिले. इतकी वर्षं आपण ज्याला माया समजलो, त्यात एक लहान जीव स्वतःचा अपराध शोधत चालला होता, आणि आपण मागे वळूनही पाहिलं नाही! त्याच्या डोळ्यांना धार लागली. समोर उभा होता तो त्याचाच मुलगा. पण बाप म्हणून तो त्याच्याहून मोठा होता.

कारभारी उठला.

"काका, उठायचं तर उठा. गावाने वाळीत टाकलं तरी मी सोसेन. नातीला मी केव्हाही घेईन, आज मला माझ्या मुलाला घ्यायचंय."

आणि भर पंगतीत, सगळ्या थोरामोठ्यांच्या देखत, त्याने आपल्या दाढीमिशा फुटलेल्या मुलाला लेकीसकट छातीशी धरलं.

सगळ्यांच्या नजरा थोरल्या चुलत्यांकडे लागल्या. त्यांनी उठण्यासाठी जमिनीवर हात टेकला होता. तो बराच वेळ तसाच राहिला. त्यांचेही मुलगे त्याच पंगतीत बसले होते, केस पिकलेले, खाली मान घातलेले. म्हाताऱ्याने एकवार त्यांच्याकडे पाहिलं.

मग हात परत पानाकडे नेत ते खेकसले, "माझ्या पानात तूप नाही पडलं अजून. वाढ इकडे. आणि पोरीला नीट धर, पडेल!"

त्या दिवशी पंगत उठली ती तृप्त होऊनच. पुढे ती रीत मोडायची असं काही कुणी ठरवलं नाही. एकेक बाप ती पाळायचं विसरत गेला, एवढंच.

माया पोटात ठेवून भागत नाही. ती लेकराला दिसावीही लागते.