खाडीकाठचा जुना मनोरा

हातातल्या फोनवर गाणी वाजू लागली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. खाडीकाठी प्रादेशिक रेडिओ केंद्राचा एक जुना मनोरा उभा होता. कोळीगीतं आणि हवामानाच्या बातम्या तो बारा महिने दूरवर धाडत असे. पुढे शेजारच्या टेकडीवर एफएमचा उंच मनोरा आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "आजोबा, तुमचा आवाज फार खरखरतो. आता तो ऐकतं कोण?"

जुन्या मनोऱ्याला ते लागलं. माथ्यावर येऊन बसणाऱ्या कुरव पक्ष्याला तो म्हणाला, "बाबा रे, माझा आवाज कुठवर जातो, एकदा बघून ये."

कुरव समुद्रावर निघाला. किनारा दिसेनासा झाला, तसं वाटेतल्या होड्यांवर एफएमचं गाणं विरून गेलं. त्याच्याही कितीतरी पुढे सतरा होड्या जाळी टाकून बसल्या होत्या. पहिल्या होडीत धाकल्या नावाचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, रेडिओ कानाशी धरून होता. खरखरीतून शब्द आले, "वादळ येत आहे. मच्छीमारांनी माघारी फिरावं." तांडेलानं जाळी ओढायला लावली आणि सगळ्या होड्या बंदराकडे वळल्या.

कुरवानं येऊन हे सांगितलं, तेव्हा जुन्या मनोऱ्याचा ऊर भरून आला. टेकडीवरचा मनोरा ओशाळून म्हणाला, "आजोबा, माझा आवाज तिथवर पोचलाच नाही."

"गावात घरोघरी तू स्वच्छ ऐकू येतोस," जुना मनोरा म्हणाला. "बायकापोरं वाटेकडे डोळे लावून बसली असतील. सतराही होड्या परत येताहेत, एवढं त्यांना सांग. समुद्रावरचं मी बघतो."